सिल्यान उतरलं तेव्हापासून

शारजा, १४ नोव्हेंबर २००९

प्रिय शुभ्रा,

काल शुक्रवारी सकाळी ‘सिल्यान’ची मागची चाकं शारजाच्या धावपट्टीला टेकली, निळसर धूर निघाला आणि त्या क्षणाला माझं सगळं बदललं. हसू नकोस. पुण्यात कॉलेज सोडलं तेव्हा बदललं असं वाटलं होतं, पण तेव्हा फक्त संपलं होतं. अबू धाबीच्या मराठी मंडळाच्या गणपतीत, नाटकात चुकीचा पडदा ओढताना तू मला पकडलंस तेव्हाही बदललं, पण ते तुझ्यामुळे. हे माझं स्वतःचं आहे.

मला नोकरी लागली. सुजीतमामाच्या सोफ्यावरून मी अधिकृतपणे उठलो. ‘त्राना एअर’ नावाची स्वीडनची कंपनी आहे. तिकडच्या थंडीत गारठलेल्या लोकांना विमानात भरून उन्हात आणून सोडायचं, एवढाच तिचा धंदा. तिकडच्या भाषेत त्राना म्हणजे क्रौंच पक्षी. शेपटीवर तोच काढलाय, मान ताणलेला. यंदापासून दर शुक्रवारी शारजाला येणार. मी रॅम्पवर असतो, म्हणजे विमान थांबलं की शिडी, सामान, इंधन, बसगाड्या, सगळीकडे धावायचं. पिवळं जाकीट, कानाला हेडसेट. सुपरवायझर श्रीवर्धनचे यूनुसभाई. विमान आलं आणि मी बघतच राहिलो, तर म्हणाले, “यल्ला तन्मय, शिडी लाव. नजर काढायला ठेवलंय का तुला?”

गंमत सांगतो. खाली उतरलेल्या पहिल्याच आजोबांनी मला विचारलं, बिअर कुठे मिळेल. दारूबंदीच्या शारजात. मी म्हटलं, बसमध्ये बसा, दुबईच्या हॉटेलात पोचेपर्यंत धीर धरा.

तुझी अट पाळतोय बघ. एसएमएसवर मी भांडतो म्हणून तू कागदावर लिहायला लावलंस. रागाचं पत्र पोस्टापर्यंत चालत न्यायला लागतं, तोवर उतरतो, हे तुझं म्हणणं. आज राग नाहीये, तरी पळत नेणार आहे. तुझ्या क्लिनिकच्या पोस्ट बॉक्सवरच पाठवतोय, तुझ्या बाबांच्या ऑफिसच्या नाही. तेवढी अक्कल आहे.

आता बाबांना सांग ना. मुलगा एअरलाइनमध्ये आहे म्हणून.

तुझा,
तन्मय

---

खलिफा सिटी, अबू धाबी, २४ नोव्हेंबर २००९

तन्मय,

अभिनंदन. खरंच. क्लिनिकच्या काउंटरवर पत्र वाचताना हसले, तर समोरच्या पेशंटला वाटलं त्याच्या दाताला हसतेय.

बाबांना सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही, “माझ्या ओळखीतला एक जण” म्हटलं. त्यांनी पेपर खाली केला आणि विचारलं, “पर्मनंट का सीझनल?” मी म्हटलं, माहीत नाही. “एअरलाइनच्या पेरोलवर का कॉन्ट्रॅक्टरच्या?” तेही माहीत नाही. मग पेपर वर गेला. तेव्हा आता तू मला सांग, पर्मनंट आहेस का? आणि ते सिल्यान नक्की काय आहे? विमानाला नाव कशाला? नीट लिही. तू खूश असलास की मधली वाक्यं गिळतोस.

कॉलेज का सोडलंस ते आईने पुन्हा विचारलं. मी तुझीच गोष्ट सांगितली, की विमानाच्या पंखाच्या ड्रॉइंगला सरांनी शून्य दिलं म्हणून तू त्यांच्या टेबलावर टी-स्क्वेअर आपटलास आणि स्वतःच दाखला मागितलास. आई म्हणाली, “असल्या मुलाला कुकर लावायला तरी येतो का?”

इकडचं विशेष काही नाही. बाबा हल्ली घरी लवकर येतात. आम्ही बहुतेक मार्चच्या सुमारास शिफ्ट होऊ. त्याबद्दल आत्ता विचारू नकोस, ठरलं की सांगते.

शुभ्रा

---

शारजा, ६ डिसेंबर २००९

शुभ्रा, शुभ्रा,

शिफ्ट. कळलं, कळलं. विचारत नाही. पण तुझ्या बाबांनी रीम आयलंडवरच्या टॉवरमध्ये फ्लॅट बुक केलाय हे तूच गणपतीत म्हणाली होतीस. समुद्राकडची बाल्कनी. तिथून शारजाकडे वळणारी विमानं दिसतील का बघ, मी एकेकाची ओळख करून देईन.

आता सिल्यान. सिल्यान हे स्वीडनमधलं तळं. त्रानाच्या प्रत्येक विमानाला तळ्याचं नाव असतं, पहिल्यापासून. आमचे स्टेशन मॅनेजर बेंगट सायबांनी मला सगळा इतिहास सांगितला, मी त्यांची कॉफी थंड करून टाकली.

माल्म्यो गावात हेन्रिक नावाचा बसवाला होता. त्याच्या मुलीचा खोकला जाईना. डॉक्टर म्हणाला, हिला ऊन दाखव. त्याने बस काढली आणि थेट स्पेनला नेली. परत येईपर्यंत मुलगी बरी, आणि घराबाहेर शेजाऱ्यांची रांग, आम्हालाही ने. बसने पाठ मोडते म्हणून अठ्ठावन्न साली त्याने अमेरिकेतली दोन जुनी डीसी-सिक्स उचलली, चार-चार पंख्यांची. एक व्हेनर्न, एक व्हेटर्न. हेन्रिकची बायको घरी सँडविच बांधायची आणि तीच विमानात वाटायची. व्हेटर्नचं एक इंजिन कायम रुसायचं, तेव्हा लोक एकसुरात गाणं म्हणायचे, ते चालू होईपर्यंत.

मग आली कॅरावेल. फ्रेंच, जेट, शेपटीखालून जिना. साठच्या दशकात तीन होत्या. लोक विमान बघायला म्हणून सुट्टी घ्यायचे. मग हेन्रिकला चढली. एक जम्बो घेतलं, अख्खं गाव मावेल असं. दुसऱ्याच वर्षी तेल महागलं, जम्बो रिकामं उडायला लागलं, विकावं लागलं. कंपनी बुडायच्या बेतात होती, तेव्हा जी मुलगी खोकायची ना, तीच गादीवर बसली. तिने छोटी विमानं घेतली, हिशेबात चालवली, आणि ऐंशीच्या दशकात ७५७ आणली. अगं, ७५७ बघितलंस तर कळेल. लांब पाय, बारीक कंबर, उंच उभं. शेपटीवरचा क्रौंच काढायचीसुद्धा गरज नाही, विमानच क्रौंच आहे. सहा होती. आता चार: सिल्यान, मेलारेन, स्टूरशोन, हेल्मारेन. दोन यंदा परत गेली.

परत म्हणजे लीजवाल्याकडे. कंपनीने स्वतःची विमानं विकून तीच भाड्याने घेतलीत. तिकडे सगळे असंच करतात.

मी पर्मनंट नाही. सीझनल. कॉन्ट्रॅक्टरच्या पेरोलवर. पण बेंगट सायेब म्हणालेत, पुढच्या सीझनला माझी शिफारस. इन्शाल्ला.

ओवीला ही सगळी नावं पाठ करायला लावली. मामेबहीण म्हणून तेवढा हक्क आहे माझा. अकरा वर्षांची पोर मला म्हणते, “दादा, यू आर सो वीअर्ड.”

कुकर लावता येतो. आईंना सांग.

तन्मय

---

खलिफा सिटी, ११ जानेवारी २०१०

तन्मय,

उशीर झाला. दोनदा लिहून फाडलं.

म्हणजे तुझ्या कंपनीची विमानं भाड्याची आहेत आणि सहाची चार झालीत. ते वाचून मी पत्र खाली ठेवलं, कारण आमच्या घरात तेच चाललंय.

शिफ्ट म्हणजे रीम आयलंड नाही. शिफ्ट म्हणजे पुणे. बाबांची नोकरी नोव्हेंबरमध्येच गेली. प्रोजेक्ट बंद झालं, अर्धा मजला एका दुपारी रिकामा केला. फेब्रुवारीअखेर व्हिसा कॅन्सल होणार, त्यानंतर महिनाभरात निघायचं. मीसुद्धा बाबांच्याच व्हिसावर आहे. रीमच्या टॉवरचा अजून खड्डाच आहे, त्यात पाणी साचलंय.

इथे हे कोणी बोलत नाही, तुला माहीत आहे. कोणी म्हणतं मुलाच्या बारावीसाठी जातोय, कोणी म्हणतं सासऱ्यांची तब्येत. आम्ही सांगतो, आईच्या संधिवाताला एसी सोसत नाही. आईला संधिवात नाही. ती मंडळात गेली की आठवण ठेवून लंगडते.

आणि बाबा अजून रोज सात वाजता टाय लावून निघतात. शेजाऱ्यांना दिसायला. कुठे जातात मला माहीत नव्हतं. मागच्या आठवड्यात क्लिनिकच्या कामाने टॅक्सीने जाताना बघितलं, रीमवर, त्या खड्ड्यासमोर गाडी लावून पेपर वाचत होते.

हे तुला सांगितलंय कारण तू रीमच्या बाल्कनीबद्दल इतकं खूश होऊन लिहिलंस की मला झोप येईना. कोणालाही सांगू नकोस. मामांनाही नाही. बाबांना कळलं की मी बोलले, तर ते माझ्याशी बोलणार नाहीत. ते मला चालणार नाही.

आणि हो, मी जाणार. त्यांच्याबरोबर. त्यावर भांडू नकोस.

शुभ्रा

---

शारजा, १७ जानेवारी २०१०

शुभ्रा,

भांडत नाहीये. तीन वेळा पोस्टापर्यंत जाऊन परत आलो, तेव्हा राग उतरला आणि डोक्यात उजेड पडला. ऐक.

सिल्यान शुक्रवारी इथे येतं तेव्हा निम्मेच लोक शारजात उतरतात. इंधन भरतो, आणि बाकीचे निम्मे पुढे जातात. कुठे, माहितेय? गोव्याला. म्हणजे शारजा ते गोवा निम्म्या सीट रिकाम्या. दर शुक्रवारी. ती जागा हवा खात जाते, शुभ्रा. तुम्ही तिघं त्यात बसायचं. सामानाला मर्यादा नाही, खालचा डबाही निम्मा रिकामाच असतो. आईंचं शिलाई मशीन, काकांची पुस्तकं, तुझा तो काचेचा दिवा, सगळं मी माझ्या हाताने चढवीन. गोव्याहून पुणे म्हणजे एका रात्रीची बस. नोकरी गेली म्हणून काकांनी तिकिटाच्या रांगेत उभं का राहायचं? हेन्रिकच्या विमानातून, खिडकीशी बसून, ऐटीत जातील.

बेंगट सायबांना विचारलं, ते म्हणाले, माझी ना नाही, गोव्याला विचारून बघ. म्हणजे झालंच.

आणि मला आणखी एक कळलं. काकांना मी आवडत नाही कारण त्यांच्या कामाचा नाही. आता आहे. शुक्रवारी तुमच्या मंडळाचं तिळगूळ आहे ना? फ्लाइट लावली की मी तिथून तसाच अबू धाबीला येतो. फार मोठ्याने नाही बोलणार. बाजूला घेऊन सांगेन.

आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे कोणाला द्यायला काहीतरी आहे.

तुझाच,
तन्मय

---

खलिफा सिटी, २६ जानेवारी २०१०

तन्मय,

तू बाजूला घेऊन सांगणार होतास.

मी लिहून काढते, म्हणजे तुला परत वाचता येईल. तू पिवळं जाकीट न काढता हॉलमध्ये आलास. बाबा उपम्याची डिश घेऊन चार जणांत उभे होते. तू वाकून नमस्कार केलास, तिथपर्यंत ठीक. मग त्यांनी सहज विचारलं, “काय, एअरपोर्टवरून थेट?” आणि तू, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं, “काका, अजिबात टेन्शन घेऊ नका. नोकरी गेली तर गेली, विमान आपलं आहे. अख्खं घर टाका त्यात.”

माझ्या कानात अजून वाजतंय. “विमान आपलं आहे.”

आई हळदीकुंकू देत होती. तिचा हात थांबला नाही, पुढच्या बाईला लावत राहिली. एक काकू म्हणाल्या, “मंजुषा, मग संधिवाताचं काय?” तुला वाटलं त्या काळजीने विचारतायत. तू त्यांना म्हणालास, विमानात व्हीलचेअर मिळते.

घरी आल्यावर बाबा मला एवढंच म्हणाले, “ओळखीतला एक जण, हाच का?” मी हो म्हटलं. त्यानंतर आज चौथा दिवस, माझ्याशी बोलले नाहीत. मी तुला लिहिलं होतं की ते मला चालणार नाही.

तुला वाईट करायचं नव्हतं, मला माहीत आहे. तू नेहमी चांगलंच करायला जातोस. तेच तर. समोरच्याला ते हवंय का, हे विचारायला थांबत नाहीस. सरांच्या टेबलावर टी-स्क्वेअर आपटलास तेव्हा राग होता. इथे आनंदात आपटलास, एवढाच फरक.

आता लिहू नकोस काही दिवस.

शुभ्रा

---

शारजा, ३१ जानेवारी २०१०

शुभ्रा,

लिहू नकोस म्हणालीस, तरी एक गोष्ट कळवणं भाग आहे, नाहीतर तुम्ही वाट बघाल. ते गोव्याचं होणार नाही. यूनुसभाईंना सांगितलं, तर हातातला चहा ठेवून म्हणाले, “हबीबी, ते टुरिस्ट चार्टर आहे. गोऱ्यांना आणायचं, गोऱ्यांना न्यायचं. आपला पासपोर्ट चालत नाही त्यात, इंडियाचा रूल आहे. मीच माझ्या बायकोला, शहरबानूला, त्यातून नेली नसती का? श्रीवर्धन काय लांब आहे तिथून?”

म्हणजे आपल्याच देशात जायला आपल्यालाच बंदी. रॅम्पवर मी इतका ओरडलो की हेडसेटमधून पायलटने विचारलं, सगळं ठीक आहे ना.

कोणाला न विचारता मी काकांना जे दिलं, ते माझ्याकडे नव्हतंच. आणि त्यासाठी त्यांचं जे होतं ते सगळ्यांसमोर काढून घेतलं. हे वाक्य लिहायला मला सकाळपासून दुपार झाली.

सॉरी लिहिणार होतो. पण ते तुला लिहून उपयोग नाही, हे मलाही कळतं.

तन्मय

---

खलिफा सिटी, ४ मार्च २०१०

तन्मय,

महिना झाला. तू खरंच लिहिलं नाहीस. मला वाटलं नव्हतं तुला जमेल.

जे झालं ते सांगते, कारण ते तुझ्यामुळे झालं, आणि तुला श्रेय देण्याचा माझा अजिबात हेतू नाही. तिळगुळानंतर आठवड्याने हॉलमधल्या त्या चार जणांपैकी एकाचा बाबांना फोन आला. त्यांचीही नोकरी डिसेंबरमध्येच गेली आहे. तेही रोज टाय लावून निघतात, मॉलच्या फूड कोर्टात बसतात. दोन दिवसांनी दुसऱ्यांचा. ते तर बायकोलाही बोलले नव्हते. आता ते दोघं रोज आमच्याकडे येतात, बाबांबरोबर बनियनवर बसून पत्ते खेळतात, आणि आई चहा करून करून खरंच लंगडायला लागलीये.

बाबा माझ्याशी बोलायला लागले. तुझ्याबद्दल नाही. काल मात्र पेपर वाचताना म्हणाले, “त्या मुलाची विमानं बंद पडतायत वाटतं. आलंय आतल्या पानावर.” मग पान उलटलं आणि म्हणाले, “मला सगळ्यांसमोर म्हणाला. माफी मागायची असेल तर तीही सगळ्यांसमोर मागायला लागेल त्याला. असल्या पोरांना तेवढं जमत नाही.”

आम्ही शनिवारी, २० तारखेला सकाळी निघतोय. अबू धाबीहून, साध्या तिकिटावर. आदल्या संध्याकाळी मंडळाची माणसं घरी निरोपाला येणार आहेत. सगळे, त्या काकूसुद्धा.

मी तुला बोलावत नाहीये. ती तारीख आणि ती माणसं सांगून ठेवतेय. यायचं झालं तर माझ्यासाठी येऊ नकोस.

शुभ्रा

---

शारजा, १९ मार्च २०१०

शुभ्रा,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. उद्या तुझं क्लिनिकही नसेल. खिशात घालून आणतोय, द्यायला मिळालं तर देईन.

आज त्राना संपली. लीजवाल्याने मेलारेन आणि स्टूरशोन गेल्या महिन्यातच उचलली. हेल्मारेन माल्म्योतच उभं करून ठेवलंय. आज शेवटचं, सिल्यान. सीझनच्या शेवटच्या फेरीला विमान रिकामं येतं, हे मला माहीत नव्हतं. आणायला कोणी नसतं, फक्त न्यायला यायचं. दार उघडलं तर आत नुसत्या सीट, एकही माणूस नाही, आणि हवाई सुंदरी दारात उभ्या, कोणाला या म्हणायचं ते त्यांनाही कळेना. मग आम्हीच आत गेलो. यूनुसभाई खिडकीशी बसले आणि म्हणाले, “घे, बसलो. आता कोणाला सांगू नको, इंडियाचा माणूस यात बसला नाही म्हणून.” बेंगट सायेब हसले आणि मग बाहेर जाऊन शिडीवर उभे राहिले, पाठ करून.

लोक भरले. सामान मी चढवलं. गोव्याची फेरी गेल्या आठवड्यातच बंद झाली, हे थेट घरी. इंजिनं चालू झाली, मी हेडसेट काढून मागे आलो, अंगठा दाखवला. पायलटने दिवा मिचकावला. उडताना ते पाय पोटात घेतं ना, तेव्हा मी मोठ्याने म्हटलं, “हेन्रिक, बरं चालवलंस.” आजूबाजूचे बघत होते. बघू देत.

मला वाटलं होतं मी रडेन. तसं झालं नाही. डोक्यात संध्याकाळचाच विचार होता, अजून तोच आहे.

यूनुसभाईंनी दुसऱ्या एका एअरलाइनकडे माझं नाव घातलंय. पर्मनंट. रविवारपासून ये म्हणतायत. आणि पुण्याच्या कॉलेजला मी फोन केला होता, दुसऱ्या वर्षाला परत घेतात म्हणे, त्याच सरांची सही लागेल. दोन्हीकडे मी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. तुला सांगितलं तर तुला खरं वाटणार नाही, पण यावेळी आधी काकांना भेटायचं आणि मग ठरवायचं, असं मी ठरवलंय. त्यांच्यासाठी नाही. तुझ्यासाठीही नाही. मला बघायचंय, ते मला जमतं का.

विमानाचा शब्द काढणार नाही. काही आणतही नाहीये. हॉलमध्ये जितक्या मोठ्याने बोललो होतो तितक्याच मोठ्याने, त्या काकूंसमोर, म्हणणार आहे, “काका, तुमची गोष्ट होती, मी सांगायला नको होती. चुकलो.” एवढंच. मग ते हो म्हणोत, नाही म्हणोत, बाहेर जा म्हणोत. पुढचं वाक्य मी तयार केलेलं नाही. केलं की मी ते मोठ्याने म्हणतो.

तुझ्याकडे बघणार नाही, म्हणजे बघेन, पण नंतर.

मामा दुबईच्या ट्रॅफिकमध्ये अडकलाय, मामी ओवीला क्लासला घेऊन गेलीये, म्हणजे गाडीने सोडायला कोणी नाही. शारजा ते खलिफा सिटी, शुक्रवार संध्याकाळ, बस, मग टॅक्सी. आत्ता निघालो तर माणसं असतानाच पोचेन. जाकीट खुर्चीला टांगलंय, ते परत द्यायचंय सोमवारी. साधा पांढरा शर्ट घातलाय, ओवीने इस्त्री बघून “नॉट बॅड” म्हटलं होतं.

कागद संपला.

मागच्या बाजूला, बसच्या थांब्यावरून लिहितोय: निघताना किल्ली दोनदा पडली. परत आत जाऊन बसावं असं एकदा वाटलं. नाही गेलो. दार बाहेरून लावलं आणि निघालो.